चपलांच्या दुकानाचा तपकिरी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या रुग्णालयाचे संचालक महोदय; व्यासपीठावर बसलेल्या आपल्या सर्जन मॅडम; त्यांच्या शेजारचे भूलतज्ज्ञ डॉक्टर, ज्यांना आज कोणी सुईसुद्धा टोचलेली नाही तरी डुलकी लागते आहे; आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे तुम्हाआम्हा सर्वांच्या मोठ्या सिस्टर; वॉर्डातल्या साऱ्या परिचारिका, मावश्या आणि मामा; आजी-माजी पेशंट भगिनींनो; आणि बाहेरच्या बाकावर वर्षानुवर्षं बसून ज्यांच्या पँटी मागून गुळगुळीत झाल्या अशा माझ्या नवरोबा बंधूंनो, तुम्हा सर्वांना या पेंटरचा नमस्कार.

मला बोलायला सात मिनिटं दिलेली आहेत. वेळ संयोजकांनी दिलेली नाही, सिस्टरांनी दिली आहे. ज्या बाईंचा निरोप समारंभ त्याच बाई वक्त्यांना वेळ वाटून देतात, असा सोहळा मी तरी पहिल्यांदाच पाहतो आहे. पण यात नवल ते काय? चौतीस वर्षं या बाईंनी या वॉर्डात घड्याळाला सुद्धा सुट्टी दिली नाही.

आणखी एक खुलासा आधीच करतो. मी आज जे सांगणार आहे ते माझ्या बायकोचं आहे, माझं नाही. ती तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसलेली आहे. कृपया सगळ्यांनी एकदम माना वळवू नका, ती उठून जाईल. काय सांगायचं आणि काय नाही, हे तिने मला काल चहा पिताना ठरवून दिलं. एक गोष्ट तर अशी आहे की जी सांगायची परवानगी आठ वर्षांत नव्हती, ती काल मिळाली. तेव्हा माझ्या हातून मर्यादा ओलांडली गेली तर माझी घरी जाऊन काय अवस्था होईल, याची सभागृहाने जाण ठेवावी.

मी मूळचा पाट्या रंगवणारा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या पाट्या. पुढे छापील बोर्ड आले आणि आमचा ब्रश वाळत पडला, तेव्हा मी गोंदायचं मशीन घेतलं. कोणाच्या दंडावर गरुड, कोणाच्या मनगटावर प्रेयसीचं नाव, आणि वर्षभरानं त्याच नावावर फुलांची वेल. असा सगळा धंदा. पण एका गोष्टीचा मला भारी गर्व होता, रंगाच्या नजरेचा. पंचवीस वर्षांपूर्वी रंगवलेल्या पाटीचा लाल कसा होता हे मी आजही डोळे मिटून कालवून देईन. बायको दुकानात डबे सांभाळायची. प्रत्येक डब्यावर खडूनं गिऱ्हाईकाची खूण करायची. तिची नजर माझ्याइतकीच पक्की आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. म्हणजे, माहीत करून घेतलं नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी तिला गाठ लागली. तिची आई याच दुखण्यानं गेली होती, मावशीही. तपासण्या झाल्या आणि मॅडमांनी सांगितलं की एकीकडचा कर्करोग आहे, पण घराण्यातला धोका पाहता दोन्हीकडचं काढलेलं बरं. आणि त्याच वेळी पोटाचं मांस घेऊन नवं घडवता येईल. मी मान डोलावत होतो. कळत काही नव्हतं. बाहेर आलो तर मोठ्या सिस्टर उभ्या. कागद हातात घेऊन म्हणाल्या, "पेंटर, काय ऑपरेशन आहे सांगा पाहू." मी म्हणालो, "त्या जागेचं." "कुठल्या जागेचं? पार्किंगच्या?" मंडळी, पन्नाशी गाठलेला माणूस मी, आणि तो शब्द आयुष्यात कधी मोठ्यानं उच्चारला नव्हता. घसा साफ केला, खाली पाहिलं, आणि म्हणालो, "स्तनाचं." त्या म्हणाल्या, "शाब्बास. आता तिच्याकडे बघून म्हणा. नवऱ्यालाच बोलायची लाज वाटली तर बायकोनं कोणाशी बोलायचं?"

ही आमची पहिली भेट. मी घरी येईपर्यंत त्यांना मनातल्या मनात फौजदार म्हणून टाकलं होतं. आज जाहीरपणे म्हणतो. सिस्टर, रागावू नका, अख्खा वॉर्ड म्हणतो.

ऑपरेशन नऊ तास चाललं. मॅडम, तुमच्या हातांबद्दल बोलायला लागलो तर सात मिनिटं तिथंच संपतील, म्हणून फक्त हात जोडतो. ती वाचली. जखमा भरल्या. काही महिन्यांनी मॅडमांनी त्वचेची बारीक घडी उचलून स्तनाग्रंही घडवली. राहिला तो फक्त त्यांचा रंग, तो गोंदून भरावा लागतो. तेव्हा इथं ते काम करणारं कोणी नव्हतं. लांबच्या शहरात जावं लागे आणि बहुतेक बायका जातच नसत.

अशात माझी थोरली बहीण भेटायला आली. माणूस प्रेमळ, पण जिभेला हाड नाही. बाह्य रुग्ण विभागात सगळ्यांसमोर म्हणाली, "वाचलीस ना? मग आता या वयात ही नटवी कामं कशाला? कोणाला दाखवायचंय?" माझी बायको पार आक्रसून गेली. सिस्टर तिथं फायली लावत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "ताई, दात छान बसवलेत हो. कधी बसवले?" आमची अक्का खूश. "झाले तीन महिने." "बरं झालं. नाहीतरी दातांवाचून काही जीव जात नव्हता. कोणाला दाखवायला बसवलेत?" त्या दिवसापासून आमच्या अक्काची या विषयावरची दातखीळ आजतागायत उघडलेली नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. माझ्या डोक्यात आलं, की रंगाचंच काम आहे ना? मग घरात पेंटर असताना परक्या शहरात कशाला? मॅडमांना विचारलं. त्यांनी मला तीन महिने घासलं. हात कसे धुवायचे इथपासून सुरुवात. संत्र्यांच्या सालींवर सराव केला. मग स्वतःच्या मांडीवर केला. माझ्या मांडीवर आजही सात वर्तुळं आहेत, त्यामुळे चारचौघांत पोहायला जायची माझी सोय राहिलेली नाही. या साऱ्या धावपळीत एका माणसाला विचारायचं तेवढं राहून गेलं. कोणाला, ते तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या मात्र आलं नव्हतं.

ऑपरेशन झाल्यापासून ती न्हाणीघराची कडी लावून कपडे बदलायची. आमच्या संसारात कडी हा प्रकार नव्हता. ड्रेसिंगसुद्धा सिस्टरांकडून करून घ्यायची, मला खोलीबाहेर काढून. मी मनाशी हिशेब केला होता, की रंग लागला की काम पुरं होईल, पुरं झालं की कडी निघेल. पाटी पुरी झाल्याशिवाय आपणसुद्धा गिऱ्हाईकाला दाखवत नाही ना, तसं.

एकीकडचंच ऑपरेशन असतं तर दुसरीकडचा रंग पाहून जुळवता आला असता. इथं दोन्ही गेलेले. म्हणजे जुळवायचं कशावरून? तर आठवणीवरून. मी म्हटलं, आठवण तर आपला प्रांत! चार दिवस दुकान अर्धं बंद ठेवून मी बारा कार्डं रंगवली. एकाहून एक. संध्याकाळी चहाच्या टेबलावर ओळीनं मांडली आणि म्हणालो, "ओळख तुझं कोणतं."

तिनं पाहिलं. पहिलं उचललं, दुसरं उचललं. बाराही पाहून झाली. आणि म्हणाली, "हा चपलांच्या दुकानाचा तपकिरी आहे."

मी म्हणालो, "काहीतरीच काय!" तर ती उठली, आतून डबा आणला आणि झाकणावरचा थेंब कार्डाशेजारी धरला. तंतोतंत. मी लाख लपवलं तरी डबा खोटं बोलेना. बारा कार्डं म्हणजे त्याच एका तपकिरीत कुठं पांढरा जास्त, कुठं तांबडा जास्त. चपलांच्या दुकानाची पाटी मी तीन वेळा रंगवली होती, तो रंग माझ्या हातात बसला होता. आणि जिच्याबरोबर बावीस वर्षं संसार केला तिचा रंग? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला आठवत नाही." आणि कडी लावून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी तणतणत वॉर्डात आलो. ऑपरेशनच्या आधी मॅडम फोटो काढतात, ते फायलीत असतात, हे मला ठाऊक होतं. म्हणालो, "सिस्टर, फाईल दाखवा. मला फक्त रंग बघायचाय." त्या म्हणाल्या, "तिला घेऊन या." "अहो, मी नवरा आहे तिचा!" "माहीत आहे. फाईल तिची आहे." मी आवाज चढवला. पूर्ण कॉरिडॉरला ऐकू जाईल असा चढवला. नियम, अडवणूक, माणुसकी, सगळं काढलं. त्यातल्या दोन शब्दांबद्दल मी आज या व्यासपीठावरून माफी मागतो. आठ वर्षं राहिलेलीच आहे ती.

सिस्टरांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "पेंटर, तुम्हाला आठवत नाही ही तुमची अडचण आहे. तिला तुमच्या आठवणीतल्यासारखं दिसायचंय का, हे विचारलंत तिला? का नुसतेच रंग कालवताय?"

तोंडात मारल्यासारखं झालं मला. आणि त्याहून वाईट सांगू? मला राग आला तो त्या बरोबर बोलल्या म्हणून.

घरी गेलो. या वेळी कार्डं वगैरे काही नाही. तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "माझं चुकलं. मी तुला विचारलंच नाही. तुला हे करायचंय का? नको असेल तर नको. मशीन विकून टाकतो." तिनं निवडायला घेतलेली भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मला ते जुनं नकोच आहे. ते गेलं, त्याचं सुतक माझं मी पाळलं. फोटो मलाही बघायचा नाही. आता जे आहे ते माझं नवं आहे, त्याला मी रंग निवडणार. जागेवर खूण मी करणार. आणि मशीन चालू असताना तुम्ही बडबड करायची नाही."

मग तिनं माझ्या खोक्यातल्या शाया घेतल्या आणि पाठ करून बसली. अर्ध्या तासानं एक कार्ड पुढं सरकवलं. अहाहा! गुलाबीकडे झुकलेला, पण गुलाबी नव्हे, किंचित मातकट, अंगाला बसेल असा. मी डोकं खाजवलं. असा रंग मी आयुष्यात कोणाला लावला नव्हता. विचारलं, "हा कुठला?" तर म्हणाली, "कुठलाच नाही. हा अजून कोणाला दिलेला नाही."

मंडळी, पेंटर म्हणून मी त्या क्षणी निवृत्त झालो. पुढचं नुसतं हाताचं काम.

कामाच्या दिवशी वॉर्डातली छोटी खोली, मॅडम बाजूच्या खोलीत, सिस्टर आत. मी पेशंटला झोपवायला निघालो, तर सिस्टर म्हणाल्या, "थांबा. पाटी आडवी ठेवून रंगवता, तशी बाई रंगवायची नाही. बाई दिवसभर उभी असते." तिला आरशासमोर उभं केलं, हातात मार्कर दिला. तिनं स्वतः खूण केली, पुसली, पुन्हा केली. माझ्या मोजपट्टीनं सांगितलेल्या जागेपेक्षा बोटभर खाली. आणि तीच बरोबर होती. तेव्हापासून आपल्या वॉर्डात हाच शिरस्ता आहे, की आधी उभं राहायचं, खूण जिची तिनं करायची. बाहेरून शिकायला येणारे विचारतात, हे कोणत्या पुस्तकात आहे? त्यांना म्हणावं, पुस्तकात नाही, फौजदाराच्या चौकीत आहे.

मशीन सुरू केलं. बोलायचं नाही असं ठरलं होतं. पण समोर गिऱ्हाईक असलं की दर मिनिटाला विचारायची सवय! माझ्या तोंडून निघून गेलं, "दुखतंय का?" ती म्हणाली, "नाही." परत विचारलं. "नाही." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती छताकडे बघत म्हणाली, "अहो, मला तिथं काही कळतच नाही. ऑपरेशन झाल्यापासून."

आता जे सांगतो ते कालच्या परवानगीतलं आहे. ती म्हणाली, "म्हणून तर कडी लावते मी. तुम्ही हात ठेवाल, मला कळणार नाही. आणि मला कळलं नाही हे तुम्हाला कळेल. ते मला बघवलं नसतं."

आठ महिने, मंडळी. आठ महिने मी समजत होतो की तिला दिसण्याची लाज वाटते. अन् ती मला वाचवत होती.

माझे डोळे भरले. हातात चालू मशीन. सिस्टर कडाडल्या, "पेंटर! रडायचं तर मशीन बंद करून रडा!" मी बंद केलं. आणि रडलो. चांगला दहा मिनिटं. सिस्टर पडद्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्या का वळल्या होत्या हे विचारायची माझी हिंमत तेव्हाही नव्हती, आजही नाही. मग त्यांनी मला हातमोजे बदलायला लावले आणि म्हणाल्या, "चला, डावी बाजू राहिलीय."

त्यानंतर किती बायका त्या खोलीतून गेल्या, ते मॅडमांच्या नोंदवहीत असेल. मी मोजलेल्या नाहीत. पण दोन वर्षांपूर्वी सिस्टर मला म्हणाल्या, "पेंटर, तुमचा हात चांगला आहे, पण नजर घरात दुसऱ्याची आहे. तिला शिकवा." मी म्हणालो, ती तयार होणार नाही. त्या म्हणाल्या, "विचारलंत का?" या बाईंकडे माझ्यासाठी हा एकच प्रश्न आहे, आणि दर वेळी मी त्यात नापास होतो. ही शिकली. आता त्या खोलीत रंग ती कालवते, सुई ती धरते, आणि मी बाहेर नवरोबांच्या बाकावर बसून त्यांना धीर देतो. काम बरं आहे. चहा वेळेवर मिळतो.

शेवटचं सांगतो आणि बसतो. सिस्टर घड्याळाकडे बघायला लागल्या आहेत.

तीन आठवड्यांपूर्वी एक बाई आल्या. तिशी-बत्तिशीच्या. घरोघर पार्सलं पोचवण्याचं काम करतात. गाठ मोठी, दिवस थोडे. मॅडमांनी चित्रं काढून समजावलं, दोनदा, तीनदा. बाईंचं एकच, "मी कापू देणार नाही. मेले तरी चालेल. मला अर्धीमुर्धी होऊन जगायचं नाही." नवरा हात जोडत होता. मी त्याच्या शेजारीच होतो. बायको आपली डोळ्यांदेखत नाही म्हणतेय, आणि तिच्यावर जबरदस्तीही करता येत नाही. त्या माणसाचा चेहरा मी विसरणार नाही. संमतीचा कागद तीन दिवस तसाच पडून होता.

चौथ्या दिवशी सिस्टरांनी आमच्या हिला बोलावलं आणि विचारलं. नुसतं विचारलं हं, सांगितलं नाही. "तुझी तयारी असेल तरच." ही उठली. सिस्टरांच्या मागोमाग आत गेली. पडदा ओढला.

मी बाहेर बाकावर. आतून हिचा आवाज आला, "बघा." मग काहीच नाही. जी बाई माझ्यापासून आठ महिने कडीच्या आड राहिली, ती एका अनोळखी पोरीसमोर ब्लाउजची बटणं सोडून उभी होती. मग त्या पोरीचा आवाज आला, अगदी बारीक, "हात लावू?"

ही म्हणाली, "लाव की."

नंतर कोणीतरी रडलं, कोणीतरी हसलं. कोण कोणतं ते पडद्यातून ओळखता येईना. आणि मग ती पोर मोठ्यानं म्हणाली, "पेन आहे का कोणाकडे?"

तिच्या नवऱ्याला ते ऐकूनही कळलं नाही. माझ्या खिशात पेन होता. मी पडद्याच्या फटीतून आत हात घातला. तो पेन माझ्या हातातून काढून घेतला तो आपल्या मोठ्या सिस्टरांनी, आणि घेताना माझी बोटं त्यांनी क्षणभर घट्ट धरून ठेवली.

त्या बाई आज वर, दुसऱ्या मजल्यावर आहेत. ऑपरेशन होऊन चार दिवस झाले. सकाळी दोन घास खाल्ले.

सिस्टर, तुम्ही माझ्या बायकोला परत उभं केलंत, हे तर आहेच. पण नवरा म्हणून मला जे कळायला हवं होतं, ते तुम्ही रागावून रागावून कळवलंत. त्याचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत; पाटीवर लिहायचे असते तर दोन-चार सुचले असते. तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, आणि घरच्यांना तुमची शिस्त सोसवो.

अध्यक्ष महोदय, सात मिनिटं केव्हाच उलटून गेली. बोलण्याच्या भरात कोणाला लागलं असेल, कोणाचा उल्लेख राहिला असेल, तर पेंटर माणूस आहे म्हणून सांभाळून घ्या. तिसऱ्या रांगेतूनही माफी मिळेल अशी आशा आहे. ती हसते आहे असं वाटतंय, पण माझा चष्मा जरा धूसर झालाय. नमस्कार.